अर्धी भूल

मराठीतल्या काही शब्दांनी एकट्याने किती ओझे वाहावे, याला काही सुमारच नाही. 'भूल' हाच शब्द घ्या. रानात ओळखीची वाट सापडेनाशी झाली, की माणसाला भूल पडते. गोड बोलून कुणी वाईट माल गळ्यात मारला, की ती भूलथाप. आमच्या खानदेशात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात. भिल्लिणीचे रूप घेऊन शंकराला भुलवणारी पार्वती ती भुलाबाई आणि भुलला तो भुलोजी. आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजवून डॉक्टर देतात, तीही भूलच. वाट हरवणे, फसणे, मोहून जाणे आणि दुखणे न कळणे, अशा चार सख्ख्या-सावत्र बहिणी आपण एकाच नावाखाली नांदवल्या आहेत.

मी शिशुवर्गाची शिक्षिका आहे. शिक्षण दहावीपर्यंतचे, जुन्या भाषेत मॅट्रिक. नावावर दोन कादंबऱ्या आहेत, पण त्यांनी वैद्यकात बोलण्याचा अधिकार मिळत नाही, हे मला कळते. तरीही या शब्दाशी माझे एक जुने देणेघेणे आहे. त्याचा हिशेब मांडून पाहावा, असे बरीच वर्षे मनात होते. विषय बायकांच्या बाळंतपणाचा आहे. दिवाळी अंकात हे कशाला, असे कुणाला वाटले तर त्यांनी पुढची पाने उलटावीत. मी रागावणार नाही. पण ज्यांच्या घरात लेक किंवा सून आहे, त्यांनी थोडे थांबावे.

२००९ च्या श्रावणात माझी पहिली खेप होती. छत्तिसावा आठवडा चालू होता. नेहमीच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या गावी गेले, तर दंडाचा पट्टा सोडताना सिस्टरचा चेहरा बदलला. तिने पुन्हा मोजले. एकशेसत्तर आणि खाली एकशेदहा. गरोदरपणात १४० आणि ९० झाले की डॉक्टर सावध होतात. १६० आणि ११० झाले की धावपळ करतात. माझ्या लघवीत प्रथिने उतरत होती, सकाळपासून डोके ठणकत होते आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. डॉक्टरीणबाई एवढेच म्हणाल्या, "आता घरी जायचं नाही."

मग शिरेतून एक औषध हळूहळू सोडले आणि तेच दोन्ही कुल्ल्यांत टोचले. अंगात असा काही जाळ उठला, की भट्टीचे दार उघडून कुणी समोर उभे केले आहे असे वाटावे. दर थोड्या वेळाने सिस्टर येई, छोट्या हातोडीने गुडघ्यावर ठोके, पाय उडाला की समाधानाने मान हलवी, श्वास मोजी, लघवीची पिशवी पाही आणि जाई. गुडघ्याचा आणि माझ्या बाळंतपणाचा काय संबंध, हे विचारायचे धैर्य त्या वेळी नव्हते. संध्याकाळी ठरले, की सिझेरियन करायचे. मला बसवून, पाठीची कमान करायला लावून मणक्यांच्या मधे सुई घातली. तिला आमच्याकडे अर्धी भूल म्हणतात. कंबरेखालचे शरीर तेवढे दुसऱ्याचे होते आणि वरची बाई जागी राहते.

मी जागी होते. छातीशी हिरवा पडदा होता. पोटात कुणी कपाट आवरते आहे अशी ओढाताण जाणवत होती, दुखत मात्र नव्हते. मग रडणे ऐकू आले. ते मला आठवते. चिरके, रागावलेले, मधेच थांबून पुन्हा सुरू झालेले. मी हुंदके देऊ लागले, अंग थडथड कापू लागले. डोक्याशी उभे असलेले डॉक्टर म्हणाले, "बाई, शांत राहा. प्रेशर वाढतंय." सलाइनच्या नळीत त्यांनी काहीतरी सोडले. त्यानंतरची माझी आठवण रात्री आठची आहे. वॉर्डातला पिवळा दिवा, खुर्चीत पेंगणारी आई आणि शेजारी दुपट्यात गुंडाळलेली मुलगी.

हे एवढेच असते, तर लिहिण्यासारखे काही नव्हते. तिसऱ्या दिवशी तिथली आयाबाई माझी चादर बदलताना हसून म्हणाली, "काय बाई तुम्ही! पोरीला गालाशी धरलं तवा म्हणे, हिचे कान माझ्या आईचे." मी म्हटले, "मी म्हणाले?" ती म्हणाली, "मंग काय मी म्हनले? चांगल्या दोनदा म्हनल्या. डागदरबी हसले."

मुलीचे कान खरोखरच माझ्या आईचे आहेत. वरची पाळ जराशी दुमडलेली. म्हणजे मी पाहिले होते, ओळखले होते आणि बोलूनही दाखवले होते. फक्त त्या वेळी तिथे मी नव्हते. कादंबरी लिहिताना मी कितीतरी माणसांच्या तोंडी वाक्ये घातली आहेत. पण माझेच एक वाक्य दुसऱ्याच्या तोंडून मला मिळाले, ते हे एकच. मुलगी मोठी झाल्यावर विचारी, "आई, मला पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा तुला काय वाटलं?" आयाबाईने सांगितलेले वाक्य मी तिला सांगते. काय वाटले, ते मला सांगता येत नाही. रचून सांगता येईल. पण तेवढ्या एका गोष्टीत मला रचायचे नाही.

त्या डॉक्टरांविषयी माझी तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकते. त्या घटकेला माझे प्रेशर १८० च्या वर गेले होते. असा दाब मेंदूतली एखादी बारीक रक्तवाहिनी फोडू शकतो, आणि मग मुलगी राहते, आई राहत नाही. त्यांनी मला वाचवायचेच काम केले. पण ते औषध नेमके कशाला दिले होते, प्रेशरला की माझ्या रडण्याला, हा प्रश्न मनात रुतून राहिला. मी वाचू लागले; इंग्रजी कोश मांडीवर घेऊन, एका पानाला एक संध्याकाळ या वेगाने. आणि जे कळत नसे ते एका भूलतज्ज्ञ बाईंना विचारू लागले. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता, त्यामुळे त्यांनाही मला टाळता येईना.

मला जे झाले होते त्याला प्रिएक्लॅम्प्सिया म्हणतात. त्याच्या पुढची पायरी एक्लॅम्प्सिया. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ अचानक चमकणे, वीज लखकन् जावी तसे. बाईला फेफऱ्यासारखे झटके येतात. आमच्याकडे याला बाहेरचे लागले म्हणत.

माझ्या आत्याला तसे झाले होते. ही गोष्ट मी बाळंतीण होईपर्यंत घरात कुणी माझ्यापुढे काढली नव्हती. पहिलटकरणीपुढे असले बोलू नये, असा दंडक. बाळंतविडा घेऊन आत्या आली आणि माझ्या उशाशी बसून तिने ती आपणहून सांगितली. सत्तरीच्या दशकातली गोष्ट. आठव्या महिन्यात तिला झटके आले. बैलगाडीतून, मग एस.टी.तून तिला मोठ्या दवाखान्यात नेले. तिथे एका खोलीत निजवले. खिडक्यांना काळे पडदे, दाराशी पाटी, आत कुणी मोठ्याने बोलायचे नाही, भांडे वाजवायचे नाही. उजेड आणि आवाज यांनी झटका पुन्हा येतो, अशी समजूत होती. इंजेक्शनांवर ती निजून राहिली. "तिसऱ्या दिवशी मला जाग आली," आत्या म्हणाली, "तर पोट सपाट होतं. मी विचारलं, काय झालं? तर सिस्टर म्हणाली, शांत पड. बाळ गेल्याचं मला चौथ्या दिवशी सांगितलं. पुरून आले होते सगळे." एवढे सांगून ती उठली आणि माझ्या मुलीला तेल लावायला बसली.

ती काळी खोली आपल्याकडची नव्हती, हे मला वाचल्यावर कळले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेंट पीटर्सबर्गच्या स्ट्रोगानोव नावाच्या डॉक्टरांनी ती रीत घालून दिली. अंधार, शांतता, मॉर्फिन आणि क्लोरल हायड्रेट. त्या काळी झटके आलेल्या बाईला घाईघाईने, जबरीने बाळंत करत. त्यात बायका मरत. त्यापेक्षा तिला निजवून ठेवणे खरोखरच बरे ठरले. ती पद्धत जगभर गेली. आपल्याकडे मद्रासचे डॉ. कृष्ण मेनन यांनी १९६१ साली आपल्या अनुभवाचा लेख प्रसिद्ध केला. त्यात क्लोरप्रोमाझिन, प्रोमेथाझिन आणि पेथिडीन अशी तीन औषधे मिळून 'लिटिक कॉकटेल' होते. तेही निजवण्याचेच. त्याने पुष्कळ बायका वाचल्या, आणि माझी आत्याही बहुधा त्यानेच वाचली. या डॉक्टरांना नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. हातात जे होते त्याने त्यांनी लढाई केली.

पण या सगळ्या उपचारांच्या मुळाशी एक समज होती. बाई शांत पडली, की तिचा रोगही शांत पडला.

इथे मला माझा वर्ग आठवतो. चाळीस पोरे असलेला शिशुवर्ग गप्प बसवणे अवघड नाही. छडी टेबलावर आपटली, डोळे मोठे केले, बोट ओठावर ठेवले, की पाच मिनिटे टाचणी पडल्याचा आवाज येईल. नव्या शिक्षिकेला याचा फार अभिमान वाटतो. अशाच एका वर्गावर बदली म्हणून मी एकदा गेले. एक मुलगा भिंतीला टेकून अगदी शहाण्यासारखा बसला होता. जवळ गेले, तर अंग तव्यासारखे तापलेले. "सांगितलं का नाहीस रे?" असे विचारले, तर म्हणाला, "बोलायचं नाही ना." वर्ग गप्प होता, शांत नव्हता. गप्प आणि शांत हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो आणि तिथेच घोटाळा होतो. गप्प करता येते. शांत व्हावे लागते, आणि त्यासाठी आधी काय चालले आहे ते कळावे लागते.

वैद्यकालाही हा फरक एका मिठाने शिकवला. मला अंगात जाळ उठवणारे औषध होते ना, ते मॅग्नेशियम सल्फेट. पूर्वी जुलाबासाठी देत ते एप्सम सॉल्ट म्हणजे हेच. झटक्यांवर त्याचा उपयोग विसाव्या शतकाच्या आरंभापासून होत होता, पण सर्वांना ते पटलेले नव्हते. १९९५ साली एक मोठी तुलना प्रसिद्ध झाली. तिच्यात आपल्या देशासह अनेक देशांतल्या सुमारे सतराशे बायका होत्या. झटके येऊन गेलेल्या बायकांपैकी काहींना हे मीठ, काहींना डायझेपाम, म्हणजे झोपेचे प्रसिद्ध औषध, आणि काहींना फेफऱ्यावरचे फेनिटॉइन दिले होते. मिठावर ठेवलेल्या बायकांना पुन्हा झटका येण्याचे प्रमाण डायझेपामवाल्यांच्या निम्म्याहूनही कमी निघाले. फेनिटॉइनवाल्यांच्या तर एकतृतीयांश. लिटिक कॉकटेलशी तुलना झाली, तिथेही मीठच सरस ठरले. मग २००२ साली ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांचा आणखी एक अभ्यास आला. या बायकांना प्रेशर होते, झटके अजून आलेले नव्हते. हे मीठ दिल्यावर झटके येण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली गेले. दर चौघींतल्या एकीला काही ना काही त्रास झाला, बहुतेकींना अंग भाजल्यासारखे वाटले, एवढेच. ते वाचताना मला आपल्या बहिणी भेटल्यासारखे वाटले.

आणि यातली खरी गोम अशी, की हे मीठ निजवण्यासाठी द्यायचे नसते. ते प्रेशरही फारसे उतरवत नाही; त्यासाठी लॅबेटॅलॉल किंवा निफेडिपिन वेगळे द्यावे लागते. ते फक्त मेंदूला झटक्यापासून राखते, आणि बाई बोलती राहते. जास्त झाले तर आधी गुडघ्याचा झटका मालवतो आणि मग श्वास मंदावतो. म्हणून ती हातोडी, म्हणून श्वास मोजणे. आता आपल्या देशात उपकेंद्रातल्या नर्सबाईलाही झटके आलेल्या बाईला याचा पहिला डोस टोचून मगच पुढे पाठवण्याची मुभा आहे. शंभर वर्षे जी गोष्ट बाईला निजवून साधायचा प्रयत्न चालला होता, ती तिला न निजवता अधिक चांगली साधली. माझ्यासारख्या मास्तरणीला यात केवढा मोठा धडा दिसला असेल, ते सांगायला नको.

मी हे भूलतज्ज्ञ बाईंना मोठ्या उत्साहाने ऐकवले. त्या हसल्या. म्हणाल्या, "बाई, तुम्ही अर्धंच बघताय. भीतीनं प्रेशर चढतं, हेही खरं आहे. घाबरलेल्या बाईच्या रक्तात जे उसळतं, ते आधीच ताणलेल्या नळीवर आणखी ताण देतं. तिला धीर मिळालाच पाहिजे. प्रश्न फक्त कशानं, हा आहे."

मग त्यांनी मला समजावले, ते असे. उच्च रक्तदाबाच्या बाईला पूर्ण भूल देणे शक्यतो टाळतात. घशात नळी घालताना प्रेशर एकदम उसळी मारते, आणि अशा बायकांचा घसाही आतून सुजलेला असतो, नळी जाताना अडते. पाठीतल्या सुईची पूर्वी फार भीती होती. या बायकांचे प्रेशर त्याने धाडकन् कोसळेल असे वाटे. १९९० नंतरच्या अभ्यासांनी ती भीती पुष्कळशी घालवली. निरोगी गरोदर बाईपेक्षा उलट यांचेच प्रेशर कमी कोसळते, असे दिसले. म्हणून आज अर्धी भूल ही पहिली निवड. रक्त गोठवणाऱ्या पेशी फार कमी झाल्या असतील, बाई झटक्याने बेशुद्ध असेल किंवा बाळाला एक मिनिटही थांबणे शक्य नसेल, तर पूर्ण भूल द्यावी लागते. त्याला इलाज नाही.

"आणि अर्ध्या भुलेवर गुंगी?" मी विचारले.

"बाळ आत असताना शक्यतो नाही. झोपेचं औषध वारेतून बाळाकडे जातं. बाळ सुस्त निघतं, नीट श्वास घेत नाही. बाहेर आल्यावर देता येतं, पण जपून. मॅग्नेशियम आधीच चालू असतं. त्यावर गुंगी चढवली तर श्वास आणखी मंदावू शकतो. आणि बाई," त्या थोड्या थांबल्या, "माझ्याजवळ पाच यंत्रं असतात. प्रेशरचं, नाडीचं, ऑक्सिजनचं. पण डोकं फुटतंय, डोळ्यापुढे अंधारी आली, हे सांगणारं यंत्र एकच. ती बाई. तिला निजवली की ते यंत्र मी माझ्या हातानं बंद करते."

मला तो भिंतीला टेकून बसलेला, तापलेला मुलगा आठवला.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या कामाची होती. मला बहुधा मिडॅझोलॅम दिले असावे. या औषधाचा गुण असा, की माणूस हाकेला ओ देतो, बोलतो, हसतो, पण मेंदूच्या वहीत त्याची नोंद होत नाही. दातांच्या किंवा दुर्बिणीच्या तपासणीत हा गुण वरदान आहे. ती कुणाला आठवायची असते? बाळंतपणात तो गुण कुठे मोडतो, ते त्या बाईने ठरवावे. आता डेक्समेडेटोमिडीन नावाचे एक औषध आले आहे. मेंदूच्या देठात एक निळसर ठिपका असतो, जागेपणाचा पहारेकरीच तो. त्याच्यावर ते काम करते. झोप बरीचशी नैसर्गिक झोपेसारखी लागते, हाक मारली की माणूस उठतो आणि प्रेशरही उतरते. नाडी मात्र फार मंदावू शकते, म्हणून डोळ्यांत तेल घालून बसावे लागते. प्रेशर असलेल्या बाळंतिणींवर सिझेरियनमध्ये ते वापरून पाहिल्याचे अभ्यास आहेत. ऐकून बरे वाटले. औषधे सुधारत जातील. त्याची काळजी शास्त्रज्ञ घेतील.

कुणी म्हणेल, बाई जिवावरच्या दुखण्यातून उठली आणि एका हरवलेल्या तासाचा शोक करीत बसली. जीव वाचला हे थोडे झाले का? थोडे मुळीच नाही. प्रेशरच्या पायी आजही आपल्या देशात आणि जगात कितीतरी आया जातात. त्यांच्यापुढे माझा तास म्हणजे काहीच नव्हे. पण वाचलेल्या माणसालाच हिशेब मांडता येतो. आत्यालाही चौथ्या दिवशी हेच सांगितले होते, की तू वाचलीस हे काय थोडे आहे!

आणि उलट बाजूही मला दिसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या फ्रायबुर्ग गावी दोन डॉक्टरांनी स्कोपोलामिन आणि मॉर्फिन देऊन 'संधिप्रकाशातली झोप' सुरू केली. बाई कळा देताना ओरडे, पण नंतर तिला काही आठवत नसे. आज वाचताना अंगावर काटा येतो. पण अमेरिकेत १९१४ च्या सुमारास या झोपेसाठी चळवळ केली, ती बायकांनीच. त्यांना जागेपण नको होते; वेदना विसरण्याचा हक्क हवा होता. जागे राहण्यातच बाईचा मोठेपणा आहे, असे म्हणायला मी कोण? वेदनेचे पोवाडे न बाळंत होणाऱ्यांनी फार गायले आहेत. विसर हवा असणारी बाई कमी आई ठरत नाही. तिला हवा आहे का, एवढे कुणीतरी विचारावे, एवढेच माझे म्हणणे. आणि ते टेबलावर, थरथरताना नव्हे. आधी, दोन वाक्यांत, तिला समजेल अशा भाषेत.

गेल्या वर्षी माझ्या बहिणीच्या मुलीची वेळ आली. तिलाही प्रेशर. हे दुखणे घराण्यात फिरते, असे डॉक्टर म्हणतात. सदतिसाव्या आठवड्यात दवाखान्यात ठेवले. आदल्या रात्री मी तिच्याजवळ होते. मी तिला काहीही शिकवले नाही; फक्त जे-जे होणार ते सांगितले. अंगात जाळ उठेल, घाबरू नकोस. गुडघ्यावर ठोकतील, तो वेडेपणा नव्हे. पाठीत सुई देताना मांजरासारखी पाठ कर. थंडी वाजून कापशील; ते सगळ्यांनाच होते. डोके दुखले, डोळ्यांपुढे काही आले, तर लगेच सांग, लाजू नकोस. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मावशी, आणि मला रडू आलं तर?"

"तर रड."

सकाळी भूलतज्ज्ञ डॉक्टर आले. तरुण होते, बोलणे मवाळ. तिची सगळी कागदपत्रे पाहून झाल्यावर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ताई, बाळ बाहेर आल्यावर फार घाबरायला झालं, तर थोडी गुंगी देता येईल. पण मग त्यानंतरचं फारसं आठवणार नाही. हवी का? आत्ता ठरवलं नाही तरी चालेल. आत मला सांगा."

मी खिडकीकडे पाहत उभी होते. माझ्या मनात उत्तर तयार होते आणि ते जिभेवर येऊ नये म्हणून मी दात आवळले होते. मुलीने थोडा विचार केला. म्हणाली, "आधी बाळ दाखवा. नीट दाखवा, घाई करू नका. मग झोपवा. मला ते शिवताना जागं राहायचं नाही."

डॉक्टरांनी तसे कागदावर लिहून घेतले.

आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. तासाभराने सिस्टर आली. मुलगा, दोन किलो तीनशे. प्रेशर एकशेचाळीसला आले आहे, आई झोपली आहे. मी विचारले, "तिनं पाहिलं?"

"पाहिलं तर! बोटं मोजली हाताची, मग पायाची. दोनदा मोजली. मग म्हणाली, हां, आता झोपवा."

बहीण रडू लागली. जावई पेढे आणायला धावले. सिस्टरने मागून हाक मारून सांगितले, की इथे स्टाफ नऊ जणांचा आहे.